कुठल्या डब्यातल्या

ख्राइस्टचर्च
रविवार, २ मार्च २०२५

अण्णा,

"तो विझला असं आपण म्हणतोय. त्याने अजून तसं सांगितलेलं नाही."

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, फॅक्टरीच्या क्वार्टर्ससमोर तुम्ही हे मला म्हणाला होतात. मी लावलेल्या सुतळी बॉम्बची वात अर्ध्यावर थांबली आणि मी वाकून बघायला निघाले. तुम्ही माझा दंड धरलात, सुनेचा दंड असा चारचौघांत धरू नये हे आठवून लगेच सोडलात, आणि मग हे वाक्य बोललात. तीसपर्यंत मोठ्याने मोजलंत. बॉम्ब वाजला नाहीच. तुम्ही त्याच्यावर बादलीभर पाणी ओतलंत आणि म्हणालात, "आता विझला."

तुम्ही अवोन्डेलला लेकीकडे, सुनीतीताईंकडे गेलात त्याला आज पंधरा आठवडे झाले. माझं तीसच्या पुष्कळ पुढे मोजून झालंय. फोन केला की तुम्ही "सुनीतीशी बोल" म्हणून तो त्यांच्या हातात देता. म्हणून कागद घेतला. कागद तुम्ही कुणाच्या हातात देणार नाही एवढं मला माहीत आहे.

इकडे टोमॅटो खूप आलेत. सलोनीला नवे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घ्यावे लागले, पोहून पोहून खांदे रुंद झालेत तिचे. शेजारचा विरेमू रोज कुंपणावरून विचारतो, "कीया ओरा, मातुआची काय खबर?" या देशात वडीलधाऱ्याला जे म्हणतात ते त्याने तुम्हाला पहिल्याच आठवड्यात म्हणायला सुरुवात केली होती, आठवतं? आई गेल्यावर तुम्ही इथे आलात, त्याच्या गॅरेजमध्ये डोकावलात आणि तिथे काडतुसं भरायचं टेबल पाहून खुर्ची ओढून बसलात. चौतीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस, आणि आयुष्यात स्वतः एक गोळी झाडलेली नाही. पहिली झाडलीत ती सहासष्टाव्या वर्षी, विरेमूच्या पिस्तूल क्लबात. तुम्हाला तिथे सोडायला कुणीतरी हवं म्हणून मी यायला लागले आणि वर्षभरात माझंही लायसन्स झालं.

मला ती इवलीशी चकती पहिल्यांदा दाखवलीत तेव्हा म्हणालात, "हिला प्रायमर म्हणतात. आपण टिकली म्हणू. काडतुसाच्या बुडात ही बसते. घोडा हिच्यावर पडतो, ही वाजते, हिच्यामुळे दारू पेटते. बाकी सगळं शोभेचं."

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. नोव्हेंबरच्या मॅचमध्ये तुमच्या तीन टिकल्या वाजल्या नाहीत. तिन्ही वेळा तुम्ही नळी समोर धरून न हलता तीस मोजलंत. तिसऱ्यानंतर रिव्हॉल्व्हर खाली ठेवलंत आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "माझे हात गेले, कौमुदी. टिकल्या नीट बसवता येत नाहीत मला आता." आठवड्याभरात लायसन्स परत केलंत, रिव्हॉल्व्हर विरेमूच्या नावावर केलंत आणि विमानात बसलात.

त्या तीन काडतुसांतली गोळी आणि दारू विरेमूने काढून टाकली होती. पुंगळ्या त्याच्याकडे होत्या. काल मी त्या मागून आणल्या आणि तुमच्या भिंगाखाली पाहिल्या. तिन्ही टिकल्या पुंगळीच्या बुडाशी अगदी सपाट बसल्यात. बोट फिरवलं तर कळत नाही कुठे पुंगळी संपते आणि कुठे टिकली सुरू होते. घोड्याचा खड्डा मात्र उथळ आहे. तुमच्या बोटाचा सांधा दुखतो म्हणून विरेमूने तुम्हाला स्प्रिंग हलकी करून दिली होती, त्याने घोडा हळू पडला. हात नाही अण्णा, स्प्रिंग.

सुनीतीताई म्हणाल्या, तुम्ही दाढीसुद्धा त्यांच्या मिस्टरांकडून करून घेता. चहा अर्धा कपच मागता, सांडेल म्हणून. हे मला सहन होत नाही. तुमच्या हातच्या चकल्यांचे काटे मोजून घ्यावेत असे असायचे.

आपल्या गॅरेजमधलं तुमचं स्टूल मी हलवलेलं नाही.

तुमची
कौमुदी


रविवार, २३ मार्च

अण्णा,

तुमचं उत्तर सुनीतीताईंच्या व्हॉट्सॲपवर आलं. त्यांनी जसंच्या तसं लिहिलंय: "अण्णा म्हणतात, स्प्रिंग दोन वर्षं हलकीच होती. दोन वर्षं वाजत होत्या. मग?"

ते वाचून मला हसूही आलं आणि घामही फुटला. चौतीस वर्षं टिकल्यांवर पोलादी गोळा सोडणाऱ्या माणसाला मी स्प्रिंगचं कारण सांगत होते. सलोनीला तुम्ही ते कसं समजावलं होतंत ते माझ्या कानात आहे. "एका उंचीच्या वर गोळा सोडला की सगळ्या वाजल्या पाहिजेत. एका उंचीच्या खाली एकही वाजता कामा नये. या दोन उंच्यांच्या मधे आजोबांची नोकरी." त्यावर ती म्हणाली, "सो यू ड्रॉप्ड बॉल्स फॉर थर्टी फोर यर्स?" आणि तुम्ही, "हो. आणि पेन्शनही मिळते."

मी विचारलं होतं, मग जास्तीत जास्त हळवी टिकलीच चांगली ना? तुम्ही मान हलवलीत. "हळवी टिकली खिशात वाजते. निबर टिकली वेळेला वाजत नाही. आपल्या घोड्याला झेपेल ती चांगली."

तेव्हा खरं सांगते. नोव्हेंबरमध्ये लाल डबा संपला होता. तुमच्या हलक्या घोड्याला झेपणाऱ्या त्या मऊ टिकल्यांचा माल दुकानात आलेला नव्हता, पुढचं जहाज डिसेंबरात येणार होतं. होता तो निळा डबा, दुसऱ्या कंपनीचा. तो मी आणला. निळ्यातल्या जरा निबर असतात असं ऐकून होते, पण विरेमूच्या रिव्हॉल्व्हरमध्ये त्या बिनबोभाट चालतात, म्हणून वाटलं चालून जाईल. तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

फार्मसीच्या काउंटरवर मी दिवसातून वीस वेळा म्हणते, "तुमची नेहमीची गोळी आली नाही, ही दुसऱ्या कंपनीची आहे, औषध तेच." पाकिटावर लिहूनही देते. आणि घरी राहून गेलं.

रमणकाकांची गोष्ट आठवली. पण ती आज नको.

श्रीनाथ बरा आहे. नव्या पुलाच्या कामात सकाळी सहाला जातो. तुमच्याविषयी विचारलं की "बाबांना हवं तिथे राहू दे" म्हणतो, आणि मग फ्रीजवरचा तुमचा फोटो सरळ करतो. तो वाकडा नसतोच.

कौमुदी


रविवार, १३ एप्रिल

अण्णा,

आज मोठी बातमी. आम्ही चाचणी घेतली.

नुसतं मी म्हणते म्हणून तुम्ही मानणार नाही, तेव्हा तुमच्याच पद्धतीने करायचं ठरवलं. लाल माल आता आलाय, निळाही आणखी एक डबा आणला. दीडशे रिकाम्या पुंगळ्या घेतल्या, पन्नासांत लाल डब्यातल्या टिकल्या बसवल्या, शंभरांत निळ्या डब्यातल्या. दारू नाही, गोळी नाही, नुसत्या टिकल्या. विरेमू तुमचं रिव्हॉल्व्हर घेऊन क्लबात आला. त्याने ते तसंच ठेवलंय, स्प्रिंगला हातही लावलेला नाही. "इट्स मातुआज, आय जस्ट फीड इट," म्हणतो. सलोनी कानाला मफ लावून तुमची वही घेऊन बसली. तुम्ही काढता तशा उभ्या रेघा, पाचवी आडवी. दहा मिनिटं बोअर बोअर करत होती, मग माझ्याआधी आकडे सांगायला लागली.

लाल पन्नासपैकी पन्नास वाजल्या.

निळ्या पन्नासपैकी एकोणचाळीस.

अकरा वेळा नुसतं टक. अकरा वेळा आम्ही नळी समोर धरून तीस मोजलं. विरेमू त्याच्या भाषेत मोजत होता, तहि, रुआ, तोरु, आणि सलोनी त्याच्याबरोबर. त्या अकरांवर पुन्हा घोडा पाडला तर आठ वाजल्या, तीन मुक्याच राहिल्या. मग उरलेल्या पन्नास निळ्या विरेमूच्या स्वतःच्या रिव्हॉल्व्हरमधून, ज्याची स्प्रिंग कारखान्यातून आली तशी कडक आहे. पन्नासच्या पन्नास वाजल्या.

म्हणजे टिकल्या वाईट नव्हत्या, तुमचं रिव्हॉल्व्हर वाईट नव्हतं, हात तर नव्हतेच. जोडी चुकली होती. ती मी लावली होती.

वहीचं पान फोटो काढून पाठवणार होते, पण तुम्हाला कागद लागतो. पान कापून सोबत जोडलंय. सलोनीने खाली लिहिलंय, "आजोबा, युअर हँड्स आर स्वीट ॲज." स्वीट ॲज म्हणजे इथल्या भाषेत झकास. सही मराठीत केलीय, ल उलटा आलाय.

झाडाखाली फिजोआची फळं पडायला लागलीत. पहिली बादली तुमच्या नावाची.

तुमची
कौमुदी


रविवार, ४ मे

अण्णा,

सुनीतीताईंचा फोन आला होता. चिडल्या होत्या. त्या चिडल्या की "अगं" ऐवजी "हे बघ" म्हणतात.

"हे बघ कौमुदी, तू काय लिहून पाठवतेस त्यांना? आधी नुसते हात होते, आता डोळेही गेलेत म्हणतात."

मी म्हटलं, डोळ्यांचं काय?

"म्हणतात, डबा लाल होता. मी स्वतः हातात घेऊन वाचला होता. एक तर कौमुदी मला बरं वाटावं म्हणून रचतेय, नाहीतर मला लाल-निळंही कळेनासं झालंय. परवापासून पेपर उघडला नाही. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतलीय मी. तू आता चाचण्या बंद कर."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तुमच्या स्टुलासमोर उभी होते. बसले नाही.

अण्णा, डबा लालच होता. तुम्ही बरोबर वाचलंत.

त्या शुक्रवारी दुपारी तुम्ही केस कापायला गेला होतात. रविवारी मॅच. मी निळा डबा उघडला आणि त्यातल्या शंभर टिकल्या रिकाम्या लाल डब्यात ओतल्या. दोन्ही एकाच रंगाच्या, एकाच मापाच्या. निळा डबा चपटा करून रिसायकलिंगच्या बिनमध्ये टाकला, वर दुधाच्या बाटल्या ठेवल्या. तुम्ही आलात, हात धुतलेत, भिंग पुसलंत आणि दरवेळी विचारता तसं विचारलंत, "कुठल्या डब्यातल्या?"

मी म्हटलं, "नेहमीच्याच."

तुम्ही तरीही डबा उचलून लेबल वाचलंत, आणि मान हलवलीत. माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून नाही, तुमची रीतच ती. मग मी ताटलीत टिकल्या मांडत गेले आणि तुम्ही एकेक अंगठ्याने दाबून बसवत गेलात. मधेच म्हणालात, "आज सगळं कसं छान जमतंय." हे वाक्य मी सहा महिने कुणाला सांगितलेलं नाही.

का केलं? खरं सांगितलं असतं तर तुम्ही मॅच सोडली असती. नव्या डब्यातल्या पन्नास आधी स्वतःच्या घोड्याखाली वाजवून बघायच्या, मगच भरायच्या, हा तुमचा नियम. दोन आठवडे गेले असते. आणि तुम्ही मंगळवारपासून बुटांना पॉलिश करत होतात. श्रीनाथ पहिल्यांदाच बघायला येणार होता. तुमचा हिरमोड मला बघवला नसता. असं मी स्वतःला सांगत आले. पण त्याखाली आणखी एक आहे. मला वाटलं, मला तुमच्याइतकं कळतं. वाटलं, हा म्हातारपणाचा हट्ट आहे, टिकली ती टिकली. काउंटरवर एखाद्या मुलीने एका कंपनीच्या गोळ्या दुसऱ्या बाटलीत ओतल्या असत्या तर मी तिला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

आणि दुसरा गुन्हा. तुम्ही "माझे हात गेले" म्हणालात तेव्हा मला सगळं माहीत होतं. मी तोंड उघडलं नाही. त्या संध्याकाळी श्रीनाथ म्हणाला, "बरंच झालं, आता घरात पिस्तूल नको," आणि मी त्याच्या मागे लपले. वाटलं, वय आहे, आज ना उद्या सोडणारच होते. तुम्ही दाढी सोडाल, चहा सोडाल, हे मला कुठे माहीत होतं.

आता रमणकाका. कारखान्यात तुमच्या शेजारच्या टेबलावर बसायचे. एकदा एका पेटीचं लेबल फाटलं आणि त्यांनी आठवणीने नवं लिहून चिकटवलं. नंतर तपासलं तर बरोबर निघालं. तरी तुम्ही साहेबांना सांगून त्यांचं टेबल बदलायला लावलंत, आणि निवृत्तीपर्यंत, एकोणीस वर्षं, त्यांच्याबरोबर चहा प्यायला नाहीत. आई म्हणायच्या, "अहो, बरोबर निघालं ना शेवटी?" तुम्ही म्हणायचात, "निघालं. त्याने लिहिलं तेव्हा त्याला ते माहीत नव्हतं."

मी तर माहीत असून केलं. म्हणून आधीची तीन पत्रं अशी तुकड्यातुकड्यांनी खरी लिहिली. मला तुमच्याबरोबरचा चहा जायला नको होता.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं तर जा, पण लाल-निळ्यासाठी जाऊ नका.

कौमुदी


रविवार, १ जून

अण्णा,

चार आठवडे मी पत्रपेटी उघडताना आधी श्वास रोखते आणि मग लाइटबिल काढते.

सुनीतीताईंनी परवा सगळं सांगितलं. मी विचारलं नव्हतं, त्यांनाच राहवलं नाही. पत्र वाचलंत, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलंत. तिसऱ्या सकाळी बाथरूमचं दार आतून लावलंत. त्या घाबरून बाहेर उभ्या. वीस मिनिटांनी तुम्ही दाढी करून बाहेर आलात, हनुवटीवर एक कापलेलं. त्यांनी कापूस आणला तेव्हा म्हणालात, "हात नाही. रेझर बोथट आहे."

हे वाक्य मी दिवसभर घोळवत होते. काउंटरवर एका आजींनी विचारलं, हसतेस काय गं? (त्या गुजराती आहेत, त्यांनी गुजरातीत विचारलं.) मी म्हटलं, माझ्या सासऱ्यांनी दाढी केली. त्यांना त्यात काय विशेष ते कळलं नाही.

पुढच्या रविवारी अवोन्डेलच्या बाजारात एकटे जाऊन मेथीच्या चार जुड्या आणल्यात, आणि निवडल्यात तुम्हीच, एकही काडी न ठेवता. चहा पूर्ण कप घेता. डॉक्टरची वेळ तुम्ही स्वतः फोन करून रद्द केलीत आणि त्या मुलीला इंग्रजीत सांगितलंत, "माय आइज वेअर करेक्ट." सुनीतीताई हसत होत्या आणि मधेमधे नाक ओढत होत्या.

मग मी विचारलं, माझ्यासाठी काही निरोप? त्यांना खोटं बोलता येत नाही, तुमच्या आहेत ना. म्हणाल्या, "मी विचारलं गं. म्हणाले, सांगण्यासारखं काही नाही."

ठीक आहे. मला हवं होतं त्यातलं मोठं मिळालं. हात तुमचे होते, ते तुमच्याकडे परत आले. माझा तुमच्याबरोबरचा चहा मात्र गेला, आणि तो जाणारच होता. श्रीनाथला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबांना नाही, मला सांगायला हवं होतंस त्या संध्याकाळी." मग म्हणाला, "मी ऐकलं असतं का कोण जाणे." फ्रीजवरचा फोटो परत सरळ केला.

जुलैत क्लबाची हिवाळी मॅच आहे. विरेमू म्हणतो, लायसन्स नसलं तरी तो शेजारी उभा राहील आणि मातुआ पाहुणा म्हणून झाडू शकतील, नियमात बसतं. रिव्हॉल्व्हर तेच, स्प्रिंग तीच. मी मॅचचं मागत नाहीये. आलात तर आनंद आहे, पण मला हवं आहे ते त्याच्या आदल्या दिवसाचं.

लाल डबा टेबलावर आहे. नवा, सील न फोडलेला. तुमचं स्टूल आहे, समोर माझं. तुम्ही याल, हात धुवाल, भिंग पुसाल. मी ताटलीत टिकल्या मांडेन. मग तुम्ही नेहमीसारखं विचारा, "कुठल्या डब्यातल्या?" मी सांगेन. आणि त्यानंतर, एवढ्या एका वेळेला, लेबल न वाचता पहिली टिकली उचला.

हे तुमच्या नियमात बसत नाही हे मला कळतं. नियम बरोबर आहे हेही आता कळतं, तो मोडून काय होतं ते मीच दाखवलंय. रमणकाकांनी एकोणीस वर्षांत कधी असं विचारलं नसेल. तुम्ही पत्राची घडी घालाल, खिशात ठेवाल आणि सुनीतीताईंना सांगाल, नाही म्हणून कळव.

तरी विचारते, अण्णा. माझ्या शब्दावर एक टिकली उचलाल?